‘आमच्या डिस्ट्रिक्टची पॉलिसीच आहे’ म्हणून मुलाला शाळेतून काढता येतं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला काही चुकीचं कळलं असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. तुम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियात राहता. मुलगा आठवीत, पब्लिक म्हणजे सरकारी शाळेत; अशा शाळा ज्या स्थानिक संस्थेच्या हाताखाली चालतात तिला इथे डिस्ट्रिक्ट म्हणतात. साताऱ्याहून आलेल्या आजोबांनी फळं कापायला म्हणून चेक-इन बॅगेतून घडीचा चाकू आणला होता. तो मुलाने जॅकेटच्या खिशात घालून शाळेत नेला आणि जेवणाच्या सुट्टीत मित्राला दाखवला. तिसऱ्याच कोणी तरी ऑफिसात जाऊन सांगितलं. पाच दिवसांचं सस्पेन्शन झालं, आणि काल आलेल्या पत्रात एक्सपल्शनची, म्हणजे शाळेतून काढून टाकण्याची, शिफारस आहे. पत्रात कॅलिफोर्निया एज्युकेशन कोडची तीन कलमं टाकली आहेत: ४८९०० चं बी, ४८९०० चं के आणि ४८९१५ चं सी. असिस्टंट प्रिन्सिपल म्हणाल्या, ‘हत्यारांबाबत आमच्या डिस्ट्रिक्टची झीरो टॉलरन्स पॉलिसी आहे, आमच्या हातात काही नाही.’ सोबत सुनावणीचा हक्क सोडून देण्याचा एक कागद सहीसाठी दिला आहे. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. राज्याचे नियम डिस्ट्रिक्टवर बंधनकारक असतात, की प्रत्येक डिस्ट्रिक्ट आपापलं ठरवतं? आणि माफीचं पत्र लिहून दिलं तर प्रकरण मिटेल का?

पहिल्याचं उत्तर: बंधनकारक असतात, आणि तुमच्या प्रकरणात सगळा आधार तोच आहे. दुसऱ्याचं उत्तर: ते पत्र आज पाठवू नका. का ते पुढे सांगते.

मी एका डिस्ट्रिक्टमध्ये अकरा वर्षं असिस्टंट प्रिन्सिपल होते. शिस्तीची सगळी प्रकरणं माझ्याच टेबलावर यायची. आता आठ वर्षं पालकांच्या बाजूने बसते. मी वकील नाही. इथल्या कायद्यानुसार एक्सपल्शनच्या सुनावणीला वकील चालतो, तसाच वकील नसलेला सल्लागारही चालतो. मी त्यातली दुसरी.

आता नियमांची उतरंड. सगळ्यांत वर अमेरिकेची राज्यघटना. १९७५ साली ओहायोतल्या कोलंबसच्या विद्यार्थ्यांच्या प्रकरणात, गॉस विरुद्ध लोपेझ या निकालात, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दहा दिवसांपर्यंतच्या सस्पेन्शनलाही मुलावर काय आरोप आहे ते त्याला सांगावं लागेल आणि त्याची बाजू ऐकावी लागेल. त्याखाली राज्याचा एज्युकेशन कोड. त्याखाली तुमच्या डिस्ट्रिक्टच्या बोर्डाने मंजूर केलेली धोरणं. बहुतेक डिस्ट्रिक्टांमध्ये सस्पेन्शन-एक्सपल्शनचं धोरण ५१४४.१ या क्रमांकाने वेबसाइटवर सापडतं. आणि तळाशी शाळेचं हँडबुक, ज्यावर ऑगस्टमध्ये आपण न वाचता सही करतो. झीरो टॉलरन्स हे शब्द असतात ते या तळाच्या कागदावर.

कलम ४८९०० ची सुरुवातच अशी आहे की प्रिन्सिपल किंवा सुपरिंटेंडेंट (डिस्ट्रिक्टचे प्रमुख) यांनी मुलाने यादीतलं एखादं कृत्य केलं असं ठरवल्याखेरीज त्याला सस्पेंड करता येणार नाही, किंवा एक्सपल्शनची शिफारसही करता येणार नाही. ही यादी ए पासून आर पर्यंत आहे, आणि लगतच्या चार छोट्या कलमांत लैंगिक छळ, द्वेषातून केलेली हिंसा, दहशत आणि धमक्या हे विषय येतात. यादी तिथे संपते. डिस्ट्रिक्टला तिच्यात स्वतःचं एकही नवं कारण घालता येत नाही. राज्यापेक्षा सौम्य वागायला डिस्ट्रिक्ट मोकळं आहे: सस्पेन्शनऐवजी समुपदेशन, पालकांची बैठक, शाळेत श्रमदान असं काहीही ते करू शकतं. राज्यापेक्षा कडक व्हायला मात्र मोकळं नाही. कॅलिफोर्नियात हजाराच्या आसपास डिस्ट्रिक्ट आहेत. दोन शेजारच्या गावांत वागण्याची तऱ्हा वेगळी दिसते ती या सौम्यपणाच्या फरकामुळे, यादी वेगळी असते म्हणून नव्हे.

हे नुसतं तत्त्व वाटू नये म्हणून तुमच्याच पत्रातलं के घ्या. के म्हणजे वर्गात व्यत्यय आणणं किंवा शिक्षकांचं मुद्दाम न ऐकणं, ज्याला इथे विलफुल डिफायन्स म्हणतात. ‘बॅग दाखव’ म्हटल्यावर मुलगा ‘व्हाय?’ म्हणाला, म्हणून ते लावलंय. या कारणावरून तिसरीपर्यंतच्या मुलांना सस्पेंड करायला २०१५ पासून बंदी आली. २०२० मध्ये ती आठवीपर्यंत वाढली. आणि एसबी २७४ या कायद्याने १ जुलै २०२४ पासून सहावी ते बारावीलाही ती लागू आहे, २०२९ च्या जुलैपर्यंत. एक्सपल्शन तर या कारणावरून कुठल्याच इयत्तेत होऊ शकत नाही. शिक्षक मुलाला त्या दिवसापुरतं आणि दुसऱ्या दिवसापुरतं आपल्या वर्गाबाहेर ठेवू शकतात, ती गोष्ट वेगळी. म्हणजे आठवीतल्या मुलाच्या पत्रात के असूच शकत नव्हतं, आणि तरी ते आहे. बहुतेक जुना नमुना कॉपी झाला असेल. ते खोडून मागा, लेखी मागा. एक कलम चुकीचं निघालं की समोरचे बाकीची कलमंही कोड उघडून बघू लागतात, असा माझा अनुभव आहे.

आता चाकू. इथे जरा थांबून वाचा, कारण मुलाचं पुढचं वर्ष दोन-तीन शब्दांवर अवलंबून आहे.

कायद्यात चाकूच्या प्रकरणाला तीन पायऱ्या आहेत. सगळ्यांत जड पायरी ४८९१५ सी. त्यात बंदूक, स्फोटक, अमली पदार्थ विकणं, लैंगिक हल्ला आणि चाकू दुसऱ्यावर उगारणं येतं. या पायरीवर प्रिन्सिपलच्या हाती खरंच काही उरत नाही: सस्पेन्शन आणि एक्सपल्शनची शिफारस सक्तीची, आणि कृत्य सिद्ध झालं तर बोर्डाला एक्सपेल करावंच लागतं, सर्वसाधारणपणे एका वर्षासाठी. मधली पायरी ४८९१५ ए. चाकू, किंवा मुलाला ज्याचा काही रास्त उपयोग नाही अशी धोकादायक वस्तू, नुसती जवळ बाळगणं. इथे प्रिन्सिपलने शिफारस करायची खरी, पण ‘या परिस्थितीत ती करू नये’ किंवा ‘दुसऱ्या उपायाने भागेल’ असं वाटलं तर ती न करण्याची मुभा त्याच वाक्यात दिलेली आहे. म्हणून ‘आमच्या हातात काही नाही’ हे मधल्या पायरीवर खरं नाही. हे वाक्य त्यांना बैठकीत शांतपणे वाचून दाखवा. तिसरी पायरी नुसतं ४८९०० बी: धोकादायक वस्तू जवळ होती. त्यावर सस्पेन्शन पहिल्या वेळीही होऊ शकतं. एक्सपल्शनही अशक्य नाही, पण त्याची सक्ती कुठेच नाही.

तुमच्या पत्रात सी आहे. म्हणजे कोणी तरी ‘ब्रँडिश’ हा शब्द लिहिलाय. ब्रँडिश म्हणजे उगारणं. तुम्ही लिहिलंय, मुलाने खिशातून काढून मित्राला दाखवला, आजोबा आंबा कसा चिरतात ते हवेत करून दाखवलं, आणि परत ठेवला. मराठीत काढला, दाखवला आणि उगारला यांतला फरक कोणालाही कळतो. इंग्रजी फॉर्मवर तो पुसला जातो, कारण लिहिणारा घाईत असतो आणि ‘चाकू हवेत हलवला’ एवढंच त्याच्या कानावर आलेलं असतं. कायद्यातले शब्द आहेत ‘दुसऱ्या व्यक्तीवर’. तेव्हा विचारायचं ते हे: पातं कोणाच्या दिशेने होतं? समोरचा मुलगा घाबरला का? मागे सरकला का? काही शब्द बोलले गेले का? तो मित्र लेखी जबाबात काय म्हणाला? ऑफिसात जाऊन सांगणाऱ्याने स्वतः पाहिलं, की कोणाकडून ऐकलं?

यानंतरचा प्रश्न म्हणजे तो कायद्याच्या व्याख्येत चाकू आहे का. ४८९१५ मध्ये चाकूची व्याख्या दिली आहे. भोसकण्यासाठी बनवलेलं पातं, साडेतीन इंचांपेक्षा लांब पात्याचं हत्यार, उघड्या धारेचा वस्तरा, किंवा घडीचा असा चाकू ज्याचं पातं उघडल्यावर लॉक होतं. आपल्याकडे बाजारात मिळणारे लाकडी मुठीचे साधे घडीचे चाकू बहुधा लॉक होत नाहीत. पाठीवर दाब दिला की मिटतात. काहींना मात्र मुठीत पत्र्याची पट्टी असते, ती ‘टक्’ असा आवाज करून पातं धरून ठेवते आणि अंगठ्याने दाबल्याशिवाय सोडत नाही. ती पट्टी असेल तर तो व्याख्येत बसतो, मग पातं दोनच इंचाचं का असेना. नसेल, आणि पातं लहान असेल, तर तो या कलमाच्या अर्थाने चाकू नाही असं म्हणायला भक्कम जागा आहे. शाळा मग ‘धोकादायक वस्तू’ या शब्दांवर जाईल. आठवीच्या मुलाला शाळेत त्याचा रास्त उपयोग काय, हा त्यांचा प्रश्न चुकीचा नसेल, आणि त्याची तयारी ठेवा. पण प्रकरणाचं वजन तिथेच उतरलेलं असतं.

मापांचा एक घोळ आधीच सांगते, नाहीतर इंटरनेटवर वाचून गोंधळ होईल. पीनल कोडचं ६२६.१० हे फौजदारी कलम शाळेतल्या चाकूसाठी अडीच इंचांची मर्यादा धरतं. एज्युकेशन कोडची व्याख्या साडेतीन इंच म्हणते. ते पोलिसांसाठी, हे शाळेसाठी. बैठकीत कोणी अडीच इंच म्हणालं तर विचारा, कुठल्या कोडमधलं?

समजा सगळं त्यांच्या बाजूने गेलं, म्हणजे चाकू चाकूच ठरला, पण उगारलेला नव्हता. तरीही मधल्या पायरीवर बोर्डाला नुसतं ‘चाकू सापडला’ एवढ्यावर एक्सपेल करता येत नाही. आणखी एक गोष्ट सिद्ध व्हावी लागते: एकतर दुसरे उपाय शक्य नाहीत किंवा वारंवार करूनही उपयोग झाला नाही, नाहीतर कृत्याचं स्वरूप असं आहे की या मुलाच्या शाळेत असण्याने इतरांच्या किंवा त्याच्या शारीरिक सुरक्षिततेला सतत धोका आहे. याला आम्ही दुसरी फाइंडिंग, म्हणजे दुसरा निष्कर्ष, म्हणतो. माझ्या कामातली निम्म्याहून जास्त प्रकरणं इथेच सुटलेली आहेत. आठ वर्षांत एकदाही ऑफिसात न गेलेला मुलगा. दुसरे उपाय कुठले करून पाहिले? एकही नाही. मग ते ‘वारंवार अयशस्वी’ कसे? आणि सतत धोका कसा, आजोबा पुढच्या महिन्यात परत चाललेत आणि चाकू शाळेच्या कपाटात आहे? बालवाडीपासूनची प्रगतिपुस्तकं, शिक्षकांचे जुने शेरे, मराठी शाळेतल्या ताईंचं पत्र, फुटबॉलच्या कोचचं पत्र, हे सगळं या दुसऱ्या फाइंडिंगसाठी जमवायचं असतं. ‘माझा मुलगा चांगला आहे’ हे आपण म्हणून काही होत नाही. ते कागदावर, तारखेसह, दुसऱ्याने लिहिलेलं लागतं.

आता माफीच्या पत्राबद्दल.

मी ऑफिसात असताना सहावीतल्या एका मुलाचं असंच प्रकरण माझ्याकडे आलं होतं. पेन्सिल तासायला आणलेलं पातं. त्याच्या आईने रात्री अकरा वाजता मला मोठा ईमेल लिहिला. आम्ही लाजेने मान खाली घातली आहे, त्याने फार मोठी चूक केली, असं हत्यार आणायला नको होतं, तुम्ही जी शिक्षा द्याल ती मान्य. ती बाई मनापासून लिहीत होती. शिक्षकांसमोर नमतं घ्यावं, चूक कबूल केली की मोठी माणसं पोटात घालतात, हेच आपल्यावर लहानपणापासून बिंबलेलं असतं. मी तो ईमेल छापला आणि सुनावणीच्या पॅकेटमध्ये सातवा पुरावा म्हणून लावला. त्यात आईनेच ‘हत्यार’ हा शब्द वापरला होता. सुनावणी घेणाऱ्या पॅनेलने तो मोठ्याने वाचला, तेव्हा ती आई टेबलापलीकडून ज्या नजरेने माझ्याकडे बघत होती, ते मी विसरू शकलेले नाही. मी नियमाबाहेर काही केलं नव्हतं, आणि तरीही माझ्याकडून अन्याय झाला होता. पालकांच्या बाजूने बसायचं मी ठरवलं ते त्या वर्षी.

म्हणून सांगते, मुलाने माफी मागू नये असं नाही. मित्राची, वर्गशिक्षकांची माफी त्याने स्वतः, स्वतःच्या शब्दांत मागावी, योग्य वेळी. पण तुम्ही आत्ता डिस्ट्रिक्टला पाठवाल तो प्रत्येक शब्द फाइलमध्ये जाणार आहे. आज फक्त चार ओळींचा ईमेल पाठवा: पत्र मिळालं, आम्ही सहकार्य करू, मुलाची पूर्ण फाइल, सगळे लेखी जबाब आणि वस्तूचे फोटो मिळावेत, आणि आम्ही कुठलाही हक्क सोडत नाही आहोत. एवढंच. कॅलिफोर्नियात पालकांनी मागितल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत शाळेची कागदपत्रं बघायला मिळाली पाहिजेत. इतर मुलांची नावं खोडलेली असतील, ते बरोबरच आहे.

मुलाने पहिल्या दिवशी ऑफिसात काही लिहून दिलंय का, ते त्याला जवळ घेऊन विचारा, रागावून नव्हे. तेरा वर्षांच्या मुलासमोर कोरा कागद आणि पेन ठेवून ‘काय झालं ते सगळं लिही’ म्हटलं जातं. तो घाबरून लिहितो, आणि मोठ्यांचे शब्द लिहितो, कारण तेच शब्द मिनिटापूर्वी त्याच्या कानावर पडलेले असतात. त्या कागदाची प्रत सगळ्यांत आधी मागा.

आता तो सहीचा कागद. त्याला स्टिप्युलेटेड एक्सपल्शन म्हणतात. म्हणजे सुनावणी नको, आरोप मान्य, बदल्यात बहुधा ‘सस्पेंडेड एक्सपल्शन’, ज्यात बोर्ड काढण्याचा ठराव करतं पण अंमल थांबवून ठेवतं आणि मुलाला अटींवर दुसऱ्या शाळेत बसवतं. हा सौदा प्रत्येक वेळी वाईट नसतो. आरोप खरोखर वरच्या पायरीचा असेल आणि पुरावा भक्कम असेल, तर मी स्वतः पालकांना सही करायला सांगितलेलं आहे. पण तुमच्याकडे अजून फाइल आलेली नाही, सी कलम डळमळीत आहे आणि के चुकीचं आहे. फाइल न वाचता सही करू नका. ‘उद्यापर्यंत सही हवी’ असं म्हणाले असतील तर ती त्यांची सोय झाली. कायद्यात तशी मुदत नाही.

खऱ्या मुदती अशा आहेत. प्रिन्सिपलला एका वेळी सलग पाच शालेय दिवसांपर्यंतच सस्पेंड करता येतं, आणि वर्षभरात साधारणपणे वीस दिवसांच्या वर जाता येत नाही. पाच दिवस संपल्यावरही मुलाला घरी ठेवायचं असेल तर आधी सुपरिंटेंडेंटच्या ऑफिसने तुमच्याबरोबर बैठक घ्यायला हवी आणि मुलाच्या हजेरीने धोका किंवा शिकवण्यात अडथळा होईल असं ठरवायला हवं. ती बैठक बहुतेक पालक ‘औपचारिकता’ समजून जातात. तसं समजू नका, के खोडायची आणि सी बदलायची पहिली संधी तीच. सुनावणी शिफारसीच्या निर्णयापासून तीस शालेय दिवसांत व्हायला हवी, आणि तिची लेखी नोटीस किमान दहा दिवस आधी. तुम्ही लेखी मागितलं तर एकदा ती तीस दिवसांपर्यंत पुढे ढकलून मिळते. पण त्या काळात मुलगा घरी बसणार असेल, तर मागावी का, हे त्याच्या अभ्यासाकडे बघून ठरवा.

सुनावणी बोर्डासमोर, सुनावणी अधिकाऱ्यासमोर किंवा तीन किंवा अधिक शिक्षक-प्रशासकांच्या पॅनेलसमोर होते, आणि त्या पॅनेलवर तुमच्या मुलाच्या शाळेतलं कोणी असू शकत नाही. ती बंद दाराआड असते. साक्षीदारांना प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे. आणि नुसत्या ऐकीव पुराव्यावर एक्सपेल करता येत नाही. तुमच्या प्रकरणात ‘उगारला’ म्हणणारा स्वतः पाहणारा नसेल, आणि पाहणारा मित्र ‘फक्त दाखवला’ म्हणत असेल, तर सी उभं राहायला कठीण आहे. पॅनेलने एक्सपल्शन नको म्हटलं तर ते तिथेच संपतं, बोर्ड ते उलटवू शकत नाही.

निकाल विरुद्ध गेला तर काउंटी बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे अपील असतं. राज्यात ५८ काउंट्या (जिल्ह्यासारखे विभाग) आहेत, आणि प्रत्येक डिस्ट्रिक्टवर अपिलासाठी हेच बोर्ड. मुदत तीस दिवस. यात पालक एका ठिकाणी हमखास अडकतात. तीस दिवस मोजायचे ते बोर्डाने मतदान केलं त्या दिवसापासून. पत्र तुमच्या हाती पडलं तेव्हापासून नाही. आणि एक्सपल्शनचा अंमल थांबवला असेल तरी दिवस मतदानापासूनच मोजले जातात. सहा महिन्यांनी अटी मोडल्या म्हणून तो ठराव अमलात आला, की अपिलाची वेळ कधीच निघून गेलेली असते. त्या सहीच्या कागदाबद्दल माझा आग्रह आहे तो यासाठी.

एक्सपल्शन म्हणजे कायमचं शिक्षण बंद, असं इथे नाही. मधल्या पायरीवर पुढच्या सेमिस्टरच्या शेवटापर्यंत परतीच्या अर्जाची तारीख द्यावीच लागते, सोबत सुधारणेचा आराखडा, आणि मधल्या काळात डिस्ट्रिक्टने दुसरीकडे शिक्षणाची सोय करावी लागते. भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढायला बंदी आहे. कॅलिफोर्नियात तशी सरसकट बंदी नाही, म्हणून आपल्या मनात ‘दाखला हातात दिला’ असं जे चित्र येतं त्याच्याशी याची तुलना करू नका. हे तितकं अंतिम नसतं, आणि तितकं दुर्मीळही नसतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. मुलाला आयईपी किंवा ५०४ प्लॅन, म्हणजे शिकण्यातल्या अडचणीमुळे किंवा अपंगत्वामुळे शाळेने लेखी आखून दिलेली मदत, आहे का? असेल, किंवा तुम्ही कधी लेखी तपासणी मागितली असेल, तर दहा दिवसांहून जास्त बाहेर ठेवण्याआधी हे वागणं त्याच्या अडचणीतून आलं का, याची बैठक घ्यावी लागते, आणि तिचा निकाल तुमच्या बाजूने लागला तर एक्सपल्शन पुढे जात नाही. शाळा चार्टर, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतःच्या करारानुसार चालणारी, आहे का? चार्टर शाळांना या कलमांतली बरीचशी लागू होत नाहीत; त्यांची प्रक्रिया त्यांच्या चार्टरमध्ये असते, जरी नोटीस आणि निःपक्ष सुनावणी त्यांनाही द्यावीच लागते. खासगी शाळेत तर हँडबुक हाच करार. तुमचे नातेवाईक टेक्ससमध्ये किंवा न्यू जर्सीत असतील आणि ‘आमच्याकडे असं नव्हतं’ म्हणाले, तर तेही खरंच बोलत असतील. शिस्तीचा कायदा राज्याराज्यांचा वेगळा आहे, त्यांचे आकडे तुमच्या बैठकीत वापरू नका.

पोलिसांचा उल्लेख तुमच्या प्रश्नात नाही. शाळेने त्यांना कळवलं असू शकतं, आणि ते प्रकरण शाळेच्या प्रकरणापासून स्वतंत्र चालतं. घरी किंवा शाळेत अधिकारी आले तर इतकं माहीत असू द्या: २०२१ पासून या राज्यात १७ किंवा त्याहून कमी वयाच्या मुलाची ताब्यात घेऊन चौकशी करण्याआधी त्याचं वकिलाशी बोलणं व्हावंच लागतं, आणि मुलाने किंवा पालकांनी ‘नको’ म्हटलं तरी ते टळत नाही. असं काही झालं तर माझ्यासारखीला नाही, बालगुन्हेगारी प्रकरणं बघणाऱ्या वकिलाला फोन करा. तुम्ही एच-१बी वर असाल तर इमिग्रेशनच्या वकिलालाही. मुलाचा शाळेत शिकण्याचा हक्क मात्र व्हिसावर अवलंबून नाही. १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो या निकालापासून ते स्पष्ट आहे.

मुलाच्या आईंना इंग्रजीत बैठक अवघड जाते, असं तुम्ही लिहिलंय. एखाद्या शाळेत १५ टक्के किंवा जास्त मुलांची घरची भाषा एकच असेल तर राज्याच्या नियमाने पत्रं त्या भाषेत पाठवावी लागतात. मराठीची संख्या बहुतेक शाळांत तिथवर जात नाही, म्हणून पत्र मराठीत येणार नाही. पण बैठकीला आणि सुनावणीला दुभाष्या मागा, लेखी, आजच्याच ईमेलमध्ये. मुलाला स्वतःच्याच सुनावणीत आईसाठी भाषांतर करायला बसवू नका. मी ते पाहिलेलं आहे. आईचा ‘तू असं का केलंस रे’ हा प्रश्न इंग्रजीत सांगताना मुलगा रडतो, आणि समोरचे ते कबुलीजबाबासारखं लिहून घेतात.

सस्पेन्शन दोन किंवा अधिक दिवसांचं असेल तर पालकांनी मागितल्यावर शिक्षकांनी गृहपाठ द्यायचा असतो. तोही मागा, रोज. मुलाला दिवसभर काही तरी हातात हवं, आणि दुसऱ्या फाइंडिंगच्या वेळी ‘घरी बसूनही सगळा गृहपाठ वेळेवर दिला’ हा कागद उपयोगी पडतो.

पुढची बैठक सोमवारी आहे म्हणता. त्याआधी मला दोन गोष्टी कळवा. मुलाच्या हातचा पहिल्या दिवशीचा कागद मिळाला तर त्यातलं नेमकं क्रियापद कोणतं आहे. आणि आजोबांना विचारा, ते पातं उघडल्यावर ‘टक्’ असा आवाज होऊन अडकायचं, की नुसतं दाबलं की मिटायचं. त्यांना ते हाताला माहीत असणार.